टिटवीच्या शेपटीवरचा मोर

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आर्द्राचं विमान सातव्यांदा पडलं. सातही वेळा ते एकाच तऱ्हेनं पडलं होतं. हातातून सुटलं की नाक वर करायचं, मग आणखी वर, हवेत क्षणभर थबकायचं आणि शेपटीवर आपटायचं.

विमान थर्माकोलचं होतं. गुरुवारपर्यंत ते शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मोजून अठ्ठावीस पावलं, सरळ तरंगत जायचं. पंख तेच होते. नाकात चिकटवलेलं नाणं तेच होतं. फेकणारा हातही तोच होता.

एरवी आर्द्राला याची गंमत वाटली असती. आज वाटत नव्हती, कारण हे विमान म्हणजे तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या खऱ्या विमानाची बरोबर एक दशांश प्रतिकृती होती. आणि खरं विमान उद्या सकाळी सात वाजता पहिल्यांदा उडणार होतं. त्यात एकच माणूस बसू शकत होता. तो माणूस म्हणजे त्रिशलाआत्या.

त्या विमानाचं नाव ‘टिटवी’. मिरजेच्या पूर्वेला, माळावरच्या जुन्या धावपट्टीजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये ते घडलं होतं. आर्द्राचे आजोबा भूपाल मगदूम, घरातल्या सगळ्यांचे अप्पा, पस्तीस वर्षं विमानांचे आराखडे काढत होते. निवृत्त झाल्यावर, २०४१ साली, त्यांनी ठरवलं की आता एक विमान स्वतःच्या हातांनी बांधायचं. हलकं, एका माणसाचं, विजेच्या मोटरवर चालणारं. त्याला सात वर्षं लागली. त्यांची मुलगी त्रिशला मालवाहू विमानं चालवायची. सुट्टी मिळाली की ती येऊन ॲल्युमिनियमचे पत्रे कापायची, आणि आर्द्रा रिव्हेटा मोजून द्यायची. सुरुवात झाली तेव्हा आर्द्रा चार वर्षांची होती. आता अकरा.

शेडमध्ये अप्पांचा एक नियम होता. विमानावर जे चढेल ते आधी तोलायचं आणि वजन भिंतीवरच्या काळ्या पाटीवर लिहायचं. चाक, बोल्ट, वायर, खुर्चीची गादी, सगळं. पाटीवर चारशे बारा ओळी होत्या. सर्वांत खाली बेरीज होती : एकशे नव्वद किलो. त्याखाली ‘त्रिशला, छप्पन्न’, आणि मग दोन रेघांमध्ये ‘एकूण दोनशे सेहेचाळीस’.

तोलण्याचं काम मापाडी करायचा. मापाडी हा यंत्रमानव. सांगलीच्या हळदीच्या बाजारात त्यानं नऊ वर्षं पोती तोलली होती. बाजारात नवे यंत्रमानव आले तेव्हा अप्पांनी त्याला शेडवर आणलं. बुटका, रुंद, पिवळ्या धुळीचे डाग अजून अंगावर असलेला. त्याच्याजवळ चार सपाट तराजू होते आणि तो एका ग्रॅमचाही फरक सांगायचा.

“मापाडी,” आर्द्रा म्हणाली, “हे तोल.”

तिनं थर्माकोलचं विमान तराजूवर ठेवलं.

“बेचाळीस ग्रॅम,” मापाडी म्हणाला. “गुरुवारी बेचाळीस. आज बेचाळीस. माल तोच.”

म्हणजे वजन बदललं नव्हतं. मग काय बदललं होतं? गुरुवारी संध्याकाळी तिनं फक्त त्याची शेपटी रंगवली होती, टिटवीच्या शेपटीसारखी दिसावी म्हणून. पण रंगाला वजन असतं तर मापाडीनं सांगितलं नसतं का?

ती विमान घेऊन अप्पांकडे गेली. अप्पा टिटवीच्या चाकाशी बसून शेवटच्या बोल्टांवर लाल ठिपके देत होते. बोल्ट नीट आवळला आहे, एवढाच त्या ठिपक्याचा अर्थ.

“अप्पा, हे उडत नाहीये.”

“सकाळपासून आपटण्याचा आवाज येतोय तो तुझाच का? मला वाटलं, पत्र्यावर माकडं आलीत.”

“अप्पा, थट्टा नको. हे टिटवीसारखंच आहे ना? मग टिटवीपण अशीच...”

अप्पांनी ब्रश खाली ठेवला. “बोटावर धर बघू. पंखाखाली, दोन बाजूंना दोन बोटं.”

आर्द्रानं धरलं. विमान मागे कलंडलं. तिनं बोटं थोडी मागे सरकवली, आणखी थोडी सरकवली, तेव्हा ते आडवं स्थिर राहिलं.

“पूर्वी बोटं कुठे असायची?”

“पुढे. इथे, या निळ्या खुणेवर.” ती म्हणाली. निळी खूण तिच्या बोटांच्या तीन सेंटीमीटरांहून जास्त पुढे होती.

“तुझी बोटं आत्ता जिथे आहेत तो याचा गुरुत्वमध्य,” अप्पा म्हणाले. गुरुत्वमध्य (वस्तूचं सगळं वजन ज्या एका बिंदूशी एकवटलं आहे असं धरता येतं, तो बिंदू) हा शब्द आर्द्राला माहीत होता. तो बिंदू इतका महत्त्वाचा का, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

“तो मागे गेला तर काय बिघडतं? वजन तर तेवढंच आहे.”

अप्पांनी घड्याळ पाहिलं. उद्याची सगळी तयारी बाकी होती, पण ते उठले नाहीत. खडूनं त्यांनी जमिनीवर विमानाची आडवी आकृती काढली.

“हे बघ. विमान सरळ चाललंय. वाऱ्याचा झोत आला आणि नाक थोडं वर गेलं. नाक वर गेलं की पंखाला आणि शेपटीला हवा जास्त जोरानं वर उचलते. हे जास्तीचं उचलणं जणू एकाच जागी लागतं.” त्यांनी पंखाच्या मधल्या भागाच्या जरा मागे फुली मारली. “याला आपण फुली म्हणू. गुरुत्वमध्य फुलीच्या पुढे असेल, तर हवा विमानाला कुठून उचलते?”

“गुरुत्वमध्याच्या मागून.”

“म्हणजे शेपटी वर जाते आणि नाक?”

“खाली येतं. आपोआप!”

“आपोआप. वैमानिकानं काही न करता. याला स्थैर्य म्हणायचं (धक्का बसला तरी स्वतःहून पूर्वीच्या स्थितीत येण्याचा गुण). आता गुरुत्वमध्य फुलीच्या मागे गेला, तर?”

आर्द्रानं आकृतीकडे पाहिलं. “मग हवा त्याच्या पुढून उचलणार. नाक वर गेलं की आणखी वर. आणखी वर गेलं की...” ती थांबली. सकाळपासून तिनं हेच तर सात वेळा पाहिलं होतं.

“तुझ्या विमानाची शेपटी जड झालीय,” अप्पा म्हणाले. “रंगानं. थर्माकोलवर तू टिटवीच्या शेपटीचाच तो ट्रकचा रंग फासलास ना?”

“पण मापाडी म्हणतो, वजन बेचाळीसच आहे!”

अप्पांच्या कपाळावर आठी पडली. सकाळपासून पहिल्यांदाच.

ते उठून टेबलाच्या खणातून पितळी तराजू घेऊन आले. त्यांच्या आजोबांचा, सोनाराकडून आलेला. एका पारड्यात विमान ठेवलं, दुसऱ्यात वजनं. चाळीस. दोन. पारडं हललं नाही. आणखी दोन. पुन्हा दोन. मग एक.

“सत्तेचाळीस,” आर्द्रा म्हणाली.

दोघांनी मापाडीकडे पाहिलं.

“मापाडी,” अप्पांनी अगदी शांतपणे विचारलं, “हे विमान किती ग्रॅमचं?”

“बेचाळीस ग्रॅम माल.”

“आणि तराजूवर किती दाब पडला?”

“सत्तेचाळीस ग्रॅम. नोंदीत बेचाळीस. जादा पाच ग्रॅम बारदान. बारदान वजा.”

बारदान म्हणजे माल ज्यात भरतात ते पोतं. बाजारात हळद तोलताना पोत्याचं वजन वजा करतात. शेतकऱ्याला पैसे हळदीचे मिळतात, गोणपाटाचे नाही. मापाडी नऊ वर्षं हेच करत आला होता. नोंदीत जो माल असेल तो माल, त्याच्यावर जे काही येईल ते पोतं. रंग हे त्याच्या लेखी एक पोतंच होतं.

“तू हे आम्हाला सांगितलं का नाहीस?” आर्द्रा जवळजवळ ओरडली.

“मला कुणी विचारलं नाही. बारदान कुणी विचारत नाही.”

आर्द्रा धावत काळ्या पाटीकडे गेली. पाटीच्या उजव्या कोपऱ्यात टिटवीच्या दोन तोलण्या लिहिल्या होत्या. पहिली दहा दिवसांपूर्वीची, रंग देण्याआधीची : एकूण दोनशे सेहेचाळीस किलो, शेपटीच्या चाकावर सतरा किलो तीनशे ग्रॅम. दुसरी परवाची, रंग दिल्यानंतरची : एकूण दोनशे सेहेचाळीस किलो, शेपटीच्या चाकावर सतरा किलो तीनशे ग्रॅम.

एका ग्रॅमचाही फरक नाही. सगळ्यांना किती आनंद झाला होता! आत्या तर म्हणाली होती, याला म्हणतात काटेकोर काम.

“अप्पा,” आर्द्रा वळून म्हणाली, “पहिल्या वेळी आत्याचा चतुर्दशीचा उपवास होता. दुसऱ्या वेळी ती माझ्याबरोबर जेवून आली होती. चार भाकऱ्या. तरी वजन तेवढंच कसं?”

अप्पा चारशे बारा ओळींच्या पाटीवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेले. मग त्यांनी चष्मा काढला.

“रंग नाहीच इथे,” ते म्हणाले. “मी लिहिलाच नाही. मला तो भाग वाटला नाही.”

शेडच्या दुसऱ्या टोकाला दस्तगीरचाचा आपले ब्रश रॉकेलमध्ये धूत बसले होते. त्यांच्यामागे टिटवीची शेपटी होती आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर मोर होता.

दस्तगीर पेंटर म्हणजे मिरजेच्या ट्रक अड्ड्यावरचा शेवटचा पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी ट्रकांच्या मागे मोर, कमळं आणि डोंगरांतून उगवणारे सूर्य काढले. मग ट्रक स्वतःच स्वतःला चालवू लागले. कंपन्यांनी त्यांच्यावर छापील कागद चिकटवले, मोर कुणालाच नको झाला. चार वर्षं त्यांच्या हाती काम नव्हतं. आर्द्रानं अप्पांकडे हट्ट धरला होता की टिटवीच्या शेपटीवर दस्तगीरचाचाच मोर काढणार. अप्पांनी एकच अट घातली : हलणाऱ्या भागांना रंग लावायचा नाही, फक्त स्थिर पात्यांना.

चाचांनी अट पाळली आणि बाकी काही कमी ठेवलं नाही. ट्रकवर करतात तसंच केलं. आधी रिव्हेटा दिसू नयेत म्हणून पात्यांवर पुट्टी. मग घासकाम. मग अस्तर. मग रंगाचे तीन हात, आणि वर चमक यावी म्हणून लाखेचे दोन.

आर्द्राला कळलं की हे आता आपल्यालाच आत्याला सांगावं लागणार. आणि हट्ट तिचाच होता. अप्पा गप्प राहिले असते तर तिलाही गप्प राहावंसं वाटलं असतं. पण उद्या त्या खुर्चीत आत्या बसणार होती.

“आत्याला बोलावते,” ती म्हणाली.

त्रिशलाआत्या धावपट्टीवरचे खडे वेचत होती. ती आली, तिनं सगळं ऐकलं. एकदाही मध्ये बोलली नाही, आणि तिची ही सवय आर्द्राला ठाऊक होती. आत्या घाबरली की बडबडायची नाही, उलट एकदम व्यवस्थित व्हायची.

“मापाडी,” ती म्हणाली, “तराजू लाव. तिन्ही चाकांखाली. शेपटी उचलून विमान आडवं कर. मी बसते. आणि ऐक, काहीही वजा करायचं नाही. एक ग्रॅमसुद्धा नाही.”

“बारदान धरायचं?”

“सगळं धरायचं.”

पाच वाजून पाच मिनिटांनी मापाडीनं आकडे सांगितले. एकूण : दोनशे अठ्ठेचाळीस किलो सहाशे. शेपटीच्या चाकावर : वीस किलोला वीस ग्रॅम कमी.

“दोन किलो सहाशे ग्रॅम रंग,” आत्या खुर्चीतूनच म्हणाली. “एवढंच ना? मी दोन तांबे पाणी जास्त प्यायले तरी एवढं होतं.”

“पाणी तू खुर्चीत बसून पितेस,” अप्पा म्हणाले. “आर्द्रा, तो हळदीचा एक किलोचा पुडा घे. छातीशी धर. जड आहे?”

“नाही.”

“आता हात सरळ लांब करून धर.”

आर्द्रानं हात लांब केला. विसाव्या सेकंदाला तिचा खांदा थरथरू लागला.

“पुडा तोच,” अप्पा म्हणाले, “पण अंतर वाढलं. वजनाला अंतरानं गुणायचं. त्या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात (वस्तू फिरवण्याची ओढ). आत्याची खुर्ची बरोबर पुढच्या दोन चाकांच्या वर आहे. तिथलं अंतर शून्य, म्हणून तिच्या वजनाची शेपटीकडे ओढ नाही. मोर मात्र चाकांच्या मागे सव्वातीन मीटरांहूनही लांब बसलाय. हात लांब करून.”

मग त्यांनी हिशेब आर्द्रालाच करायला लावला. पुढच्या चाकांपासून शेपटीच्या चाकापर्यंतचं अंतर तीनशे पंचवीस सेंटीमीटर. शेपटीच्या चाकावरचं वजन गुणिले हे अंतर, भागिले एकूण वजन. उत्तर म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या किती मागे आहे, ते.

रंग देण्याआधी : तेवीस सेंटीमीटर.

आत्ता : सव्वीस.

“आणि चालतं किती?” आर्द्रानं विचारलं, जरी आकडा पाटीवर लाल खडूनं लिहिलेला होता.

“चोवीस. चोवीसच्या मागे जायचं नाही, असं मी पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. ती फुली एकोणतीसवर आहे. तुझ्या थर्माकोलवर रंग त्याच्या मानानं फार जास्त, म्हणून ते फुलीच्याही मागे गेलं. टिटवी फुलीच्या पुढेच आहे. उडेलही. पण झोत आला तर तिचं नाक खाली यायला वेळ लावेल. वैमानिकाचा हात जरा जास्त पडला, तर...”

“कळलं, अप्पा,” आत्या म्हणाली.

उड्डाणाची परवानगी उद्या सकाळी सात ते आठ एवढीच होती. नंतरची तारीख तीन महिन्यांनी, मे महिन्यात, जेव्हा माळावर सकाळपासूनच वावटळी उठतात. हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“नाकात शिसं घालू या,” आर्द्रा म्हणाली. “मी माझ्या विमानाला नाणं लावलं होतं तसं.”

“नाक चाकांपासून दीडच मीटर पुढे आहे. अंतर निम्म्याहून कमी, म्हणजे वजन दुपटीहून जास्त. पाच-सहा किलो शिसं, नुसतं वाहून न्यायला? सात वर्षं आपण ग्रॅम-ग्रॅम वाचवले ते यासाठी?”

“मग बॅटरी पुढे घ्या.”

“पुढे मोटर आहे. जागा नाही.”

“मग एकच राहिलं की,” मागून आवाज आला.

दस्तगीरचाचा ओले ब्रश हातात धरून उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. आर्द्रानं मान खाली घातली.

“चाचा, माझ्यामुळे झालं. मीच म्हटलं होतं, मोर पाहिजे.”

“तू मोर म्हणालीस. पुट्टी भर म्हणाली होतीस काय?” चाचांनी ब्रश टेबलावर नीट ओळीनं मांडले. “मगदूमसाहेब, ट्रकला वजनाचं कौतुक नसतं. दहा टनात माझे दोन किलो कोण विचारतो? इथे विचारायला पाहिजे होतं मी. विचारलं नाही.”

“चूक माझ्या पाटीची आहे, दस्तगीर.”

“पाटीला काय कळतंय.” ते हसले, पण नेहमीसारखं नाही. “खरवडायला लाकडी पट्टी द्या. लोखंडी नको, पत्र्याला ओरखडा पडेल. आणि ही पोरगी द्या मदतीला. बोलते फार, पण हात बरा आहे तिचा.”

साडेपाचला त्यांनी सुरुवात केली. आधी लाख निघाली, मग रंग सुटू लागला. मोराचा पिसारा निळ्या-हिरव्या सालींनी खाली पडत होता आणि मापाडी प्रत्येक साल उचलून तराजूवर ठेवत होता. “चौदा ग्रॅम. एकूण चारशे सहा. नऊ ग्रॅम. एकूण चारशे पंधरा.” मोराचा डोळा निघाला तेव्हा चाचा थोडं थांबले. मग त्यांनी पट्टी पुन्हा चालवली. आठ वाजता अप्पांनी काम थांबवलं. दमलेल्या हातानं पत्रा चेपला तर उद्याची तारीख आपोआपच जाईल, ते म्हणाले. उरलेलं सकाळी.

आर्द्राला झोप लागली, पण स्वप्नात कुणीतरी सारखं बारदान वजा करत होतं.

रविवारी पाच वाजता पुन्हा पट्ट्या चालू झाल्या. साडेसहाला तपासणी अधिकारी सौदामिनी कवठेकर आल्या. अप्पांनी काही न लपवता त्यांना तिन्ही तोलण्या दाखवल्या. त्यांनी वाचल्या, आर्द्राच्या हिशेबावर बोट ठेवून तो स्वतः पुन्हा केला आणि एवढंच म्हणाल्या, “चौथी माझ्यासमोर होईल. आठ वाजता मी निघणार.”

सात वाजून बारा मिनिटांनी चाचांनी पट्टी खाली ठेवली. शेपटीचं ॲल्युमिनियम पुन्हा उघडं पडलं होतं. रिव्हेटांच्या खळग्यांत थोडी पुट्टी राहिली होती, ती निघत नव्हती.

आत्या खुर्चीत बसली. मापाडीनं तराजू लावले.

“एकूण दोनशे सेहेचाळीस किलो तीनशे. शेपटीच्या चाकावर सतरा किलो सहाशे. बारदान,” तो क्षणभर थांबला, “वजा केलेलं नाही.”

सगळे आर्द्राकडे पाहू लागले. तिनं पाटीवर गुणाकार केला, भागाकार केला, आणि मग उलट करून पुन्हा पाहिला.

“तेवीस पूर्णांक दोन.”

कवठेकरबाईंनी मान डोलावली आणि कागदावर सही केली.

सात वाजून सदतीस मिनिटांनी टिटवी धावपट्टीच्या टोकाला उभी राहिली. विजेच्या मोटरचा आवाज शिलाई मशीनपेक्षा फार मोठा नव्हता. आर्द्रानं अप्पांचा हात धरला. टिटवी धावू लागली. शेपटी उचलली गेली. शंभर पावलं, दोनशे, आणि मग चाकांखाली उजेडाची एक फट दिसली.

“उडली!” चाचा ओरडले.

अप्पा मात्र नाकाकडे पाहत होते.

माळाच्या कडेला ओढा आहे. सकाळी ऊन वर आलं की तिथून हवा उसळते. टिटवी ओढ्यावर पोचली आणि तिचं नाक एकदम वर गेलं. आर्द्राच्या डोळ्यांसमोर थर्माकोलचं विमान आलं. नाक वर, आणखी वर, मग थबकणं...

टिटवी थबकली नाही. नाक वर गेलं, जरा रेंगाळलं आणि खाली आलं. थोडं जास्तच खाली गेलं, पुन्हा किंचित वर आलं, आणि मग सरळ झालं.

“आत्यानं केलं?” आर्द्रानं हलक्या आवाजात विचारलं.

रेडिओवर आत्याचा आवाज आला. “अप्पा, ओढ्यावर एक धक्का बसला. मी सुकाणूच्या काठीला हात लावला नाही. मुद्दाम नाही लावला. तिनं स्वतःच नाक सावरलं.”

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो स्वच्छच होता.

टिटवीनं माळावर दोन फेऱ्या मारल्या आणि सात वाजून एकोणपन्नास मिनिटांनी तिची चाकं धावपट्टीला टेकली. एकदा उडाली, पुन्हा टेकली आणि मग टेकलेलीच राहिली.

त्यानंतर बराच वेळ सगळे एकदम बोलत होते, म्हणून कोण काय म्हणालं ते सांगता येणार नाही. चाचांनी मात्र एक पातळ ब्रश आणि रंगाची वाटी आणली. वाटी त्यांनी आधी मापाडीच्या तराजूवर ठेवली. मग शेपटीच्या उघड्या पात्यावर एकच मोरपीस काढलं, पुट्टी नाही, अस्तर नाही, लाख नाही. नुसत्या रेषा. वाटी पुन्हा तराजूवर ठेवली.

“अकरा ग्रॅम,” मापाडी म्हणाला.

अप्पांनी पाटीवर चारशे तेरावी ओळ लिहिली : ‘पुट्टी, राहिलेली, तीनशे ग्रॅम.’ मग चारशे चौदावी : ‘मोरपीस, दस्तगीर, अकरा ग्रॅम.’

आर्द्रा कधीपासून तराजूकडे पाहत होती. ती चपला काढून त्यावर उभी राहिली.

“छत्तीस किलो चारशे,” मापाडी म्हणाला. “हा माल कुठे चढवायचा?”

“कुठे नाही. थांब.” तिनं खडू घेतला. आत्याच्या जागी स्वतःचं वजन लिहिलं आणि हिशेब केला. खुर्ची चाकांच्या वर, म्हणजे शेपटीची ओढ तेवढीच राहणार. पण एकूण वजन कमी झालं, की भागाकार मोठा येणार. पंचवीस पूर्णांक दोन आले. चोवीसच्या मागे.

“नाही चालत,” ती म्हणाली.

“अजून नाही चालत,” आत्या मागून म्हणाली. तिच्या केसांना हेल्मेटचा वळसा पडला होता. “उलटा कर हिशेब. चोवीस यायला वैमानिक किती किलोचा पाहिजे?”

आर्द्रानं उलटा केला. मोरपिसाचे अकरा ग्रॅमसुद्धा धरले. मग पाटीच्या अगदी खाली, उरलेल्या जागेत लिहिलं :

‘आर्द्रा. आहे ३६.४. पाहिजे निदान ४८.२.’

“भाकऱ्या वाढवायला पाहिजेत,” चाचा म्हणाले.

“आणि वर्षं,” अप्पा म्हणाले. “परवाना अठराव्या वर्षी मिळतो. तोवर ही पाटी पुसायची नाही. मापाडी, लक्षात ठेव.”

“नोंद केली,” मापाडी म्हणाला. “काही वजा नाही.”